गुरुवारचा चीक

काळजी करण्यात मी तरबेज आहे. नागपूरच्या सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी पुढच्या आठवड्यात काय बिघडेल याचा विचार करण्यात गेली असतील. निवृत्त झाल्यावर फायली सुटल्या, सवय सुटली नाही. गॅसचा सिलिंडर संपायच्या दहा दिवस आधीपासून मी तो हलवून पाहतो. कुणाला घ्यायला बस स्टँडवर गेलो आणि बस पाच मिनिटं लेट झाली, की माझ्या मनात ती घाटातून खाली कोसळलेली असते. रामटेकच्या वाटेवर घाट नाही, हे मला पक्कं माहीत असतं तरीही.

गंमत म्हणजे दर रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाली की मी पंधरा मिनिटं बोलतो. विषय बहुधा एकच, मन. झालं गेलं उगाळू नये, जे आलेलं नाही त्याच्या मागे धावू नये, हातातल्या क्षणात राहावं. माझा आवाज बरा आहे, पाठांतर चांगलं आहे, लोक माना डोलावतात. बायको बायकांच्या रांगेत पदर तोंडाला लावून बसते. सुरुवातीला मला वाटायचं की तिला भरून येतं. नंतर कळलं, ती हसू दाबत असते.

गेल्या उन्हाळ्यात बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली आणि त्याच सुमारास माझी थोरली बहीण गावाहून माझ्याकडे आली. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. बाई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. रामटेकच्या पुढे तिचं गाव आहे, घरची धानाची शेती आहे, पोरं कर्ती झाली आहेत. लग्न होऊन गेल्यापासून ती माझ्याकडे कधीच दोन रात्रींच्या वर राहिली नव्हती. कुणाचं लग्न असलं की यायची, जेवायची, भांडी घासायला घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पिशवी काखेत मारून निघायची. या वेळी तिला राहावंच लागणार होतं. तिच्या मानेला उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली होती आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी नागपूरला दाखवा म्हणून सांगितलं होतं.

शुक्रवारी तिला धंतोलीत नेलं. त्या गल्ल्यांमध्ये दवाखान्याला दवाखाना खेटून आहे आणि प्रत्येकाच्या पायऱ्यांवर कुठूनकुठून आलेली माणसं डबे उघडून बसलेली असतात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी गाठ चाचपली, एक तुकडा काढून तपासायला पाठवला, मानेवर पट्टी लावली. रिपोर्ट आठव्या दिवशी मोबाईलवर येईल म्हणाल्या. "तोपर्यंत काळजी करू नका," असंही म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहून ते पुन्हा एकदा म्हणाल्या.

म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत वाट पाहायची. मी लगेच कामाला लागलो.

संध्याकाळपर्यंत माझ्या तीन योजना तयार होत्या. काहीच निघालं नाही तर काय, हा कागद अर्ध्या पानाचा झाला. कॅन्सर निघाला आणि लवकरचा असला तर काय, हा दोन पानांचा. उशिराचा असला तर काय, याला पाच पानं लागली. मानेच्या गाठींवर मोबाईलमध्ये जेवढं वाचायला मिळतं तेवढं मी वाचलं. शनिवारी सकाळी भाजी आणायच्या निमित्ताने निघून दोन मोठ्या दवाखान्यांत चौकशा करून आलो, भाजी मात्र आणायची राहिली. दुपारी मोजपट्टी घेऊन न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजत होतो, तर बाई मागे येऊन उभी राहिली.

"काय मोजून राहिला गा बाबू?"

एकसष्टाव्या वर्षीही तिच्यासाठी मी बाबूच आहे. म्हटलं, "दार बदलाचं हाय."

"चांगलं तर हाय दार."

मी पट्टी गुंडाळून खिशात टाकली. पुढेमागे चाकाची खुर्ची लागली तर ती दारातून आत जाईल का, हे मी पाहत होतो, असं तिला कसं सांगणार? गाठ मानेला होती. पाय तिचे माझ्यापेक्षा ठणठणीत होते.

रविवारी ती माझ्याबरोबर विहारात आली. पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. मी नेहमीप्रमाणे बोललो, त्या दिवशी तर जरा जास्तच रंगलो. आताचा श्वास आत जातोय, आता बाहेर येतोय, याच्यापलीकडे आपल्या हातात काही नाही, वगैरे. घरी येताना बाई म्हणाली, "बोलला तू झकास. पण पंधरा मिनिटांत चारदा खिसा चाचपला तुनं. फोन हाय का इंचू?"

मी म्हटलं, "रिपोर्ट लवकर पण येऊ शकते."

"येऊ दे नं मंग. तो का विहारात येऊन बसते?"

त्याच दुपारी तिने आपली पिशवी उपसली. वर दोन लुगडी, दवाखान्याचे कागद, आणि खाली चार-पाच किलो गहू. मानेची गाठ दाखवायला निघालेली बाई पिशवीत गहू घालून आणते, हे मला झेपेना. "तुही बायको तिकडं पोरीपाशी," ती म्हणाली, "अन् उन्हाळा चालला. तुह्या घरी कुरड्या कोण करणार? मले असं नुसतं बसून राहता येत नाही."

मी म्हटलं, कुरड्या दुकानात मिळतात. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मोठं पातेलं काढून दिलं.

कुरड्यांचं वेळापत्रक तिचं ठरलेलं. रविवारी गहू भिजत घालायचे. सोमवारी, मंगळवारी पाणी बदलायचं. बुधवारी वाटून, पिळून, गाळून त्याचा पांढरा चीक काढायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा, म्हणजे चीक तळाशी बसतो. गुरुवारी पहाटे वरचं पाणी ओतून द्यायचं, चीक शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरड्या घालायच्या.

"अन् शुक्रवारी रिपोर्ट," मी म्हणालो.

"शुक्रवारचं शुक्रवारी," ती म्हणाली आणि गव्हावर पाणी ओतलं.

पाणी बदलायचं काम माझ्याकडे आलं. सोमवारी मी ते दोनदा बदललं, कारण एकदा बदललं होतं की नाही तेच आठवेना. मंगळवारी घरभर त्या भिजक्या गव्हाचा आंबूस वास सुटला. बाई मजेत होती. कूलरसमोर पाय पसरून बसायची, फ्रिजमधला बर्फाचा तुकडा तोंडात धरायची आणि दात शिवशिवले की एकटीच हसायची. मला हाका मारून काहीबाही सांगायची. कोणत्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, आंब्याचं झाड वठलं, कोणाच्या सुनेने ट्रॅक्टर चालवायला घेतला. मी हो हो म्हणायचो. एकदा तिने सांगितलं की म्हैस मेली, त्यालाही मी "छान झालं" म्हणालो. बाईने पुढचं सांगायचं सोडून दिलं.

गुरुवारी पहाटे पाचला तिने मला उठवलं. आदल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून चीक काढला होता. रात्रभरात तो मोठ्या पातेल्याच्या तळाशी छान घट्ट बसला होता, वर पिवळसर पाणी. "हे पाणी हळू ओत," बाई म्हणाली. "अजिबात हलवू नको. चीक दिसला का थांब." आणि ती आधणाचं पाणी ठेवायला वळली.

मी पातेलं उचलून मोरीपाशी नेलं आणि तिरपं केलं. पाणी सावकाश जात होतं. आणि मी उद्याकडे गेलो. उद्या रिपोर्ट किती वाजता येईल, दुपारी आला तर डॉक्टरीणबाई दवाखान्यात असतील का, शनिवार-रविवार मध्ये आला तर काय, बाईच्या पोरांना फोनवर काय शब्दांत सांगायचं. त्या शब्दांची जुळवाजुळव चालली असताना हातातलं पातेलं एकदम हलकं लागलं. खाली पाहिलं तर पांढरा जाड चीक घसरत मोरीत चालला होता. मी पातेलं सरळ करेपर्यंत निम्मा गेला. चार दिवसांचं काम जाळीतून खाली उतरताना मी पाहत उभा राहिलो.

बाई आली. तिने मोरीकडे पाहिलं, पातेल्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. लहानपणी चुकलो की ती आधी चापट मारायची, मग विचारायची. या वेळी मारलं नाही. ते जास्त लागलं.

"ध्यान कुठं होतं तुहं?"

मी पातेलं खाली ठेवलं.

"सांग नं. कुठं होता? दवाखान्यात? का मले जाळून-बिळून आला?"

"बाई!"

"काहून, खोटं हाय काय? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी तुह्या घरी सात दिवस राहून राहिली. सात दिवस, बाबू. माहं घर, ढोरं, नातवंडं सोडून. मले वाटलं, दवाखान्याच्या निमित्तानं होईना का, भावापाशी बसाले भेटन. अन् तू एक दिवस तरी घरी होता काय? मी बोलतो तर तू मानीकडं पाह्यते. म्हैस मेली म्हटलं तर छान झालं म्हणते. उद्या त्या कागदात वंगाळ लिहून आलं, तर हे सात दिवस कोण देईन मले वापस?"

तिचा आवाज चढला नव्हता, पण शेवटी जरा कापला. तेव्हा मला कळलं की तीही घाबरलेली आहे. मी सात पानांच्या योजना केल्या, पण तिला एकदाही विचारलं नव्हतं की बाई, तुला भीती वाटते का. मला स्वतःची लाज वाटली.

"चुकलो," मी म्हटलं.

"चुकला तं चुकला. राहिला तेवढा चीक शिजवू. हे घे, चाटू धर."

चाटू म्हणजे लांब दांड्याचा लाकडी उलथणाच. आधणाला उकळी आली होती. तिने मीठ घातलं, हिंग घातला, आणि एका हाताने चिकाची धार सोडायला लागली. मी घोटत होतो. चीक पाण्यात पडला की लगेच आवळायला लागतो आणि हात थांबला की गुठळ्या होतात. बाई म्हणाली, "तळापासून. उलटा फिरवू नको. एकाच बाजूनं."

पाचेक मिनिटं झाली असतील. ओट्यावरच्या माझ्या मोबाईलने टुणकन आवाज केला.

मी मान वळवून पाहिलं. तपासणीवाल्यांचाच मेसेज होता. आठव्या दिवशीचा रिपोर्ट सातव्या दिवशीच आला. मी सगळी तयारी शुक्रवारची केली होती.

"बाई, रिपोर्ट आला."

तिच्या हातातली धार थांबली. क्षणभर आम्ही दोघंही नुसते उभे होतो, मोबाईलकडे पाहत. मग तिने पातेल्यात पाहिलं आणि ओरडली, "हात चालव, हात! गुठळ्या होऊन राहिल्या!"

"अगं पण..."

"तो कागद हाय. तो नासत नाही. चीक नासते. आधी हे."

आणि तिने पुन्हा धार सोडली.

मी घोटायला लागलो. पहिली दोन मिनिटं मन सारखं ओट्याकडे धावत होतं. मग चीक घट्ट झाला आणि चाटू ओढायला इतका जोर लागायला लागला की मनाला धावायला जागा उरली नाही. दंड भरून आले. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबला आणि पुसायला हात मोकळा नव्हता, तर बाईने पदराने पुसला. दुधासारखा पांढरा रंग हळूहळू निवळत गेला आणि चीक काचेसारखा चमकायला लागला. हिंगाचा वास सुटला. खिडकीतून उजेड आला तो सरळ बाईच्या तोंडावर पडला. भुवयांमध्ये पांढरे केस आले होते. डाव्या गालावर, पूर्वी नव्हता, असा एक तीळ होता. सात दिवस ती माझ्या घरात होती आणि मी तिचं तोंड आत्ता पाहत होतो. ती वाकून चीक न्याहाळत होती, ओठ जरा पुढे काढून, अगदी आमची आई करायची तसे. मला त्या घटकेला फार बरं वाटलं. मोबाईल दोन हातांवर पडला होता, त्यात काहीही लिहिलेलं असू शकत होतं, आणि तरीही बरं वाटलं. विहारात जे मी इतकी वर्षं सांगत आलो ते बहुधा हे असावं. ते करताना दंड इतके दुखतात, हे मला ठाऊक नव्हतं.

"झालं," बाई म्हणाली. तिने वाटीत थोडा गरम चीक काढला, वर कच्चं तेल आणि तिखट घातलं आणि आधी मला दिला. जीभ भाजली. आम्ही एकाच वाटीत खाल्लं.

मग गच्ची. प्लास्टिक अंथरलं, चीक गरम आहे तोवर सोऱ्यात भरला आणि कुरड्या घालायला लागलो. तिची कुरडई गोल, तीन वेढ्यांत बंद. माझी प्रत्येक वेगळी. एक तर तिने उचलून धरली आणि म्हणाली, "हे काय, चिमणीचं घरटं हाय काय?" निम्मा चीक मोरीत गेल्यामुळे आठ वाजायच्या आत सगळं संपलं. टाकीच्या सावलीत बसून तिने हात पुसले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आता वाच."

मी वाचलं. इंग्रजीत दोन पानं होती. मला समजेना, म्हणून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या उठलेल्या होत्या. त्यांनी रिपोर्ट मागवून घेतला आणि पाच मिनिटांनी स्वतःच फोन केला. कॅन्सर नाही, म्हणाल्या. टीबीची गाठ आहे. सहा महिने न चुकता गोळ्या, त्या गावच्या सरकारी दवाखान्यातही मिळतात. पूर्ण बरी होईल. घरच्यांना यातून लागण व्हायची भीती नाही.

मी फोन ठेवला आणि ढसाढसा रडलो. बाई घाबरली. "काय म्हणते ते? सांग नं!" मी सांगितलं. तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि बराच वेळ तशीच बसली. मग माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. "मंग रडून काहून राहिला, येड्या?"

माझ्या तिन्ही योजनांमध्ये टीबी कुठेच नव्हता. सात पानं लिहिली, पण खरं निघालं ते एकाही ओळीत नव्हतं. दुपारी मी ती पानं फाडून भिजवली आणि कूलरच्या टाकीला बारीक चीर होती तिच्यात बोळा करून कोंबली. गळती तशीच राहिली, पण कागद कशाच्या तरी कामी आले.

गोळ्या सुरू झाल्या. बाईने जाहीर केलं, "कुरड्या वाळल्या का मी जातो. घरी समदे वाट पाहून राहिले." नागपूरच्या उन्हात कुरड्या वाळायला किती लागतं? दोन उन्हं पुरे.

ते दोन दिवस आम्ही गच्चीवर आणि कूलरसमोर काढले. सकाळी ती कुरड्या उलटायची, मी कावळे हाकायचो. दुपारी बर्फ चघळत ती सांगायची आणि मी ऐकायचो. म्हैस कशाने मेली ते मी पुन्हा पहिल्यापासून विचारून घेतलं. तिने ते रंगवून सांगितलं, आणि त्यात म्हशीपेक्षा जावयाच्या फजितीचाच भाग मोठा होता. मी इतका हसलो की शेजारीण जिन्यावरून डोकावून गेली. तुला भीती वाटली होती का, हेही विचारलं. "वाटली नं," ती म्हणाली. "पण कोणाले सांगणार? तू तर माह्यापेक्षा जास्त भ्यायला होता."

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास मी एकटाच वर गेलो. कोपऱ्यातली एक कुरडई उचलून वाकवली. कट्ट मोडली. दुसरी मोडली, तीही तशीच. सगळ्या खणखणीत वाळल्या होत्या. मी तुकडे खिशात टाकले आणि खाली आलो. बाई पिशवीत लुगडी भरत होती.

"वाळल्या काय रे?"

"नाही," मी म्हटलं. "अजून ओल्या हायेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. हातातलं लुगडं खाली ठेवून जिना चढून वर गेली, मी मागोमाग. गुडघ्यावर बसून तिने मधली एक कुरडई उचलली आणि माझ्यासमोर मोडली. कट्ट आवाज झाला, चांगला मोठा. तिने दोन्ही तुकडे उन्हात धरून निरखले, परत प्लास्टिकवर ठेवले आणि पदर झटकत उठली.

"हो गा बाबू," ती म्हणाली. "आतून ओल्याच हायेत. उद्याचं ऊन दाखवा लागते."